तीळ शेंड्यापर्यंत पिकायची वाट बघू नका, खालून गळतोय

उन्हाळी तिळवाल्यांनो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलेला एकेटी-१०१ जातीचा तीळ आता नव्वद दिवसांचा झालाय आणि आभाळ रोज दुपारनंतर भरून येतंय. आज संध्याकाळीच शेतात चक्कर टाका.

तीळ खालून वर पिकतो. खालची बोंडं तडकायला लागतात तेव्हा शेंडा अजून हिरवाच असतो आणि आपण म्हणतो थांबू आठ दिवस, वरचाही भरू दे. अहो वरचा दाणा पोचट, त्याच्यासाठी खालचा टपोरा माल मातीत चाललाय. मागच्या मे महिन्यात आमच्या शेजाऱ्याने घरच्या लग्नापायी कापणी चार दिवस पुढे ढकलली, तिसऱ्या दिवशी असं वारं सुटलं की ओळींमधली जमीन पांढरी दिसत होती.

कृषी विद्यापीठ सांगतं, पानं आणि बोंडं ७५ टक्के पिवळी झाली की कापा. माझा हिशोब वेगळा: एक झाड उपटून उलटं धरायचं, दोन दाणे जरी तळहातावर पडले की त्याच दिवशी मजुरांना सांगायचं. कापणी सकाळीच, दव असताना, दुपारी विळा लागला की बोंड उघडतं.

कापल्यावर ढीग मारून ठेवू नका, आत गरम होऊन दाणा काळा पडतो. छोट्या पेंढ्या बांधून ताडपत्रीवर उभ्या करा, तीन-चार दिवसांनी उलट्या करून झटका, परत वाळवा, परत झटका. पाऊस आला तर झाका, थांबला की लगेच उघडा.

आत्ता दुकानदार दाणा वजनदार करायचं टॉनिक गळ्यात मारेल. पानं पिवळी पडलेल्या पिकाला कसलं टॉनिक? त्याच पैशात एक ताडपत्री जास्त घ्या.

पुढच्या पेरणीसाठी:
- बियाणं हेक्टरी ३ ते ४ किलो, बारीक वाळू मिसळून
- किलोभर बियाण्याला आधी थायरम (बुरशीनाशक) ३ ग्रॅम, मग ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) ४ ग्रॅम चोळा
- तीन आठवड्यांच्या आत विरळणी
- पानं गुंडाळणाऱ्या अळीला सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क
- पर्णगुच्छ रोगाची (फुलांच्या जागी पानांचे झुपके आलेली) झाडं उपटून बाहेर

तेल काढायचं असेल तर ओलावा ८ टक्क्यांच्या खाली आणा. मी दाताखाली फोडून बघतो, कट्कन आवाज आला पाहिजे, दबला तर अजून एक ऊन द्या, नाहीतर तेल लवकर खवट होतं. चांगल्या वाळलेल्या दहा किलोला लाकडी घाण्यावर चारेक किलो तेल पडतं, ते दोन-तीन दिवस निवळू द्या आणि वरचं भरा. जमिनीवरून झाडून गोळा केलेला तीळ यात अजिबात मिसळू नका, खडे-मातीने सगळा घाणा खराब होतो. आणि पेंड घाण्यावर सोडून येऊ नका, ती म्हशीची.