तिसऱ्या दिवसाचा घाट : इंदूरहून सायकलवर नर्मदाकाठी जाण्याची दहा आठवड्यांची तयारी

आपण इंदूरकर राहतो माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर. नर्मदाकाठचं महेश्वर आपल्यापेक्षा जवळजवळ ४०० मीटर खाली. त्यामुळे इथून निघालेली सायकल सहल सुरू होते उताराने आणि संपते चढाने. पहिल्या दिवशी महूवरून पठाराच्या कडेवरची जुनी वेस, जाम दरवाजा गाठायचा, तिथून थेट निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात उतरून मंडलेश्वरमार्गे अहिल्याबाईंच्या महेश्वरला मुक्काम. हे झाले साधारण ९० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर, ६०-६५ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी बडवाह, बलवाडा, भेरूघाट, चोरल, सिमरोल करत घरी. हे ८० किलोमीटरच्या आसपास, आणि मोठा चढ याच दिवशी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा हा हिशोब मी केलाच नव्हता. रोज सकाळी तासभर सायकल चालवतो, म्हणजे आपण फिट, असा समज. बलवाड्याच्या पुढे अकराच्या उन्हात पाय असे भरून आले की उतरून सायकल ढकलायला लागलो. मागून एक टेम्पोवाला थांबला. "बैठोगे क्या, भिया?" मी बसलो. घरी हे बरेच महिने सांगितलं नव्हतं.

तर तयारी करायची ती पहिल्या दिवसाची नव्हे, तिसऱ्या दिवसाची. म्हणजे थकलेल्या पायांनी, सामानासकट घाट चढायची.

सुरुवात कधी

अनंत चतुर्दशीला मिरवणुकीतल्या झाँक्या (चित्ररथ) बघत रात्र जागून झाली की दोन दिवस झोप काढा आणि लागा कामाला. पाऊस ओसरलेला असतो आणि दहा आठवडे मोजले की थंडीचे उत्तम दिवस हाती येतात. पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात, पण सायकल जुनीच आहे. चाळिशी उलटली असेल, बीपी किंवा शुगर असेल, किंवा जिना चढताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. यात चालढकल नको.

पायांच्या आधी सीट

नव्या माणसाचे गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा सीट खाली असल्यामुळे. जमिनीवर दोन्ही पाय टेकले पाहिजेत, ही आपली लहानपणची सवय; ती सोडावी लागते. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता चवडा पेडलवर घेतला की गुडघ्यात किंचित बाक राहील. ती उंची बरोबर. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे, असं ढोबळ मानाने समजा. एका वेळी चार-पाच मिलीमीटरच हलवा आणि सीटच्या दांड्यावर पेनाने खूण करून ठेवा. दुरुस्तीला दिलेली सायकल परत येते तेव्हा सीट दुसऱ्याच उंचीवर असते, हा माझा अनुभव.

बूड पहिले दोन आठवडे दुखतंच, मग सरावतं. गादीवाली सायकलिंगची चड्डी घ्या, आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि आपण लाजेने विचारत नाही. दुखणं चालेल, पण बधिरपणा यायला लागला तर सीटचं नाक किंचित खाली करून बघा.

पहिले पाच आठवडे

आठवड्यातून चार दिवस, पाऊण ते एक तास. वेग किती? एकोणीसचा पाढा मोठ्याने, न अडखळता म्हणता आला पाहिजे. एकोणीस सक्कं म्हणताना धाप लागली तर वेग जास्त आहे. (पाढाच येत नसेल तर कुणाशी तरी गप्पा मारा.) या संथ चालवण्यानेच दम वाढतो. रोज जीव तोडून चालवणारा तिसऱ्या आठवड्यात पाठीला शेक देत घरी बसतो.

दुसरी सवय पाय फिरवण्याची. जड गियर दाबत जाणं मर्दानी वाटतं, पण भार सगळा गुडघ्यावर येतो. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. वीस-एकवीस वेळा आला तर मिनिटाला ऐंशी किंवा वर झाले, छान. बारा-तेराच भरले तर गियर हलका करा.

रविवारची फेरी लांब ठेवा : २५ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला चार-पाच वाढवा. चौथ्या आठवड्यात मात्र कमी करा, शरीर भरून येतं ते विश्रांतीतच. पहाटे सुपर कॉरिडॉरचा रुंद, सपाट रस्ता मोकळा असतो. चढ नाही म्हणून कुरकुर नको. समोरून वारा असला की तोच चढ.

आठवड्यातून दोनदा घरी वीस मिनिटं : उठाबशा, प्लँक आणि जिन्याची एक पायरी चढ-उतर, प्रत्येक पायाने पंधरा वेळा, तीन फेऱ्या. पोट आणि पाठ कच्ची असली की तिसऱ्या दिवशी पायांच्या आधी मान आणि खांदे बोलायला लागतात.

दिवाळी

सहाव्या-सातव्या आठवड्यात येते. चकल्या खा. दोन-तीनदा तासभर सायकल काढलीत तरी कमावलेलं जात नाही. भाऊबीज झाली की महूपर्यंत जाऊन या, येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर होतात.

आठवा आणि नववा आठवडा

हे दोन शनिवार-रविवार चुकवू नका. शनिवारी सपाटीवर साठ किलोमीटर. रविवारी, पाय जड असतानाच, खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरून चोरलपर्यंत जा आणि परत चढा. ट्रक फार, म्हणून उजाडता उजाडता निघा, मागे लाल दिवा लावा. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका. दोन्ही ब्रेक दाबा, सोडा, परत दाबा.

सामान लादूनच जायचं. मी दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत चार-चार किलो कणीक भरली होती. पहिल्याच वळणावर कळलं की भरलेली सायकल वेगळंच जनावर आहे. मागे वजन असलं की चढावर पुढचं चाक हलकं पडतं, हँडल डुलतं आणि थांबायलाही जास्त अंतर लागतं. ही ओळख घराजवळ झालेली बरी.

पोटाचा सरावही याच फेऱ्यांत. निघण्याआधी पोहे उत्तम, जिलबीलाही माझी हरकत नाही. शेव मात्र बेताची. वाटेत भूक लागायची वाट न बघता दर पाऊण तासाने केळं, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात आणि एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम मिळतात. पाणी तासाला अर्धा लिटर, उन्हात जास्त. एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊ नका. खाण्याचं सोडा, झोपेला एक वाजतो.

शेवटचा आठवडा

चालवणं निम्म्यावर आणा. नवीन बूट, नवीन सीट काही घेऊ नका. ब्रेकचे रबर बघा आणि पंक्चर एकदा स्वतःच्या हाताने काढा, अंगणात, चहा पीत.

तिसऱ्या दिवशी ओंकारेश्वर अंधारातच सोडा, म्हणजे बलवाडा ऊन चढायच्या आत मागे पडतं. भेरूघाट लागायच्या आधीच सर्वांत हलका गियर टाका, कारण चढावर जोर देताना गियर बदलला तर चेन अडकते. मग नजर पुढच्या दहा फुटांवर, आणि एकोणीसचा पाढा.