कढीपत्त्याच्या झाडाजवळची नोंदवही

निसर्गनोंदी लिहायच्या तर ताडोबाला किंवा कास पठारावर जायला हवे, हा समज आधी बाजूला ठेवावा. सोसायटीच्या आवारातले कढीपत्त्याचे झाड, बसथांब्यामागची ओली भिंत, शेताचा बांध यांपैकी रोज वाटेत येणारी एकच जागा निवडावी आणि वर्षभर तिथेच पाहावे. काल तिथे काय होते हे ठाऊक असले तरच आज काय बदलले ते कळते. म्हणून नवनव्या ठिकाणांच्या शोधात फिरण्यापेक्षा ओळखीच्या झाडाकडे पुन्हा जाणे मला अधिक मोलाचे वाटते.

खिशात मावणारी वही आणि शिसपेन्सिल एवढे पुरते, कारण पावसात शाई पसरते. दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळाले तर उत्तमच. प्रत्येक नोंदीच्या वर तारीख, वेळ, जागा आणि हवामान लिहावे.

कढीपत्त्यापासून सुरुवात करावी असे मी सुचवतो, कारण या झाडावर लिंबू फुलपाखरू अंडी घालते. कोवळ्या पानांवर मोहरीहूनही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे दिसते. त्यातून निघालेली अळी काळपट तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरे डाग असतात, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटते. शेवटची कात टाकल्यावर तीच अळी हिरवी होते आणि पानांत दिसेनाशी होते. तिला काडीने हलकेच डिवचले, तर डोक्यामागून लालसर, दोन टोकांचा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मात्र हे एकदा पाहिले की पुन्हा तिला त्रास देऊ नये. ही अळी कोणत्या पानावर होती, पानाची कड कुठून खाल्ली होती, मुंग्या जवळ आल्यावर ती हलली की स्तब्ध राहिली, हे लिहू लागलात की पान भरायला वेळ लागत नाही.

सर्वांत कठीण शिस्त आहे ती पाहिलेले आणि त्यावरून ताडलेले वेगळे ठेवण्याची. “साळुंकी घरटे बांधते आहे” हा निष्कर्ष झाला. “साळुंकीने वाळलेली काडी उचलली, ती पन्हळीमागच्या फटीत गेली आणि परत आली तेव्हा चोच रिकामी होती” ही नोंद झाली. निष्कर्ष जरूर लिहावा, पण समासात आणि प्रश्नचिन्हासह. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल, स्वच्छ काप दिसले, तर बहुधा पान कापणारी मधमाशी येऊन गेलेली असते. ती हे तुकडे पिल्लांच्या कोठड्यांना अस्तर म्हणून वापरते. अळीने कुरतडलेली कड सहसा इतकी रेखीव नसते. म्हणून पान कोणी खाल्ले हे ठरवण्याआधी कड कशी आहे ते लिहून ठेवावे.

मोजण्याचीही सवय लावून घ्यावी. पहिल्या पावसानंतर मातीवर दिसणाऱ्या लाल, मखमली मृगाच्या किड्याचे पाय मोजले, तर ते आठ भरतात, आणि तो सहा पायांच्या कीटकांपैकी नसून कोळ्यांच्या गोत्रातला आहे हे आपले आपल्याला उमगते.

लिहिताना विशेषणे आवरावीत आणि क्रियापदे नेमकी निवडावीत. “मनमोहक” किंवा “विलोभनीय” या शब्दांनी वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. पान मिटले, लोंबले, चुरगळले की गळाले, हे सांगितले तर दिसते. नाव ठाऊक नसल्यास अडून बसू नये. रंग, आकार, चाल, आवाज लिहावा आणि नावासाठी जागा सोडावी. माळीकाकांना किंवा शेतात राबणाऱ्या एखाद्या आजीला विचारले, तर गावातले नाव बहुतेक वेळा मिळते आणि तेही नोंदवावे. जे दिसले नाही तेही टिपावे: एरवी उन्हाळ्यात दिवसभर टुक-टुक करणारा तांबट आज गप्प असेल, तर तीही नोंदच आहे.

जागेवर टिपलेले त्याच रात्री सलग वाक्यांत उतरवून काढावे, आणि प्रत्येक पानाचा खालचा अर्धा भाग कोरा ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच तारखेची नोंद तिथे लिहिता येईल.