ढेप, कुटार आणि चाऱ्यातील विषबाधा: या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की नागपूर परिसरातील अनेक गोठ्यांत सरकीच्या ढेपेला कुबट वास येऊ लागतो. अशा वेळी सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बुरशी लागलेली ढेप दोन दिवस उन्हात घालून, वरचा हिरवट थर खरवडून पुन्हा जनावरापुढे ठेवणे. उन्हाने बुरशी मरते हे खरे. पण अ‍ॅस्परजिलस गटातील बुरशीने तोवर तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष ढेपेतच राहते, आणि ढेप भिजवून शिजवली तरी ते पुरेसे नष्ट होत नाही. बुरशी दिसत नाही म्हणजे विष नाही, असेही समजता येत नाही.

हीच ढेप चांगल्या ढेपेत थोडी थोडी मिसळून संपवण्याची सवयही तितकीच घातक आहे. एकदम विषबाधा होत नाही म्हणून ती निर्धोक वाटते. पण रोजच्या अल्प मात्रेने यकृत हळूहळू निकामी होते, भूक मंदावते, दूध घटते आणि रोगप्रतिकारशक्ती खालावते. वासरांचे रवंथाचे पोट पुरते विकसित झालेले नसल्याने आणि गाभण गाईंवर आधीच ताण असल्याने त्यांना हे खाद्य कधीही देऊ नये. फ्युजेरियम बुरशीच्या झिरॅलेनॉन या विषाचा परिणाम संप्रेरकासारखा होतो. त्यामुळे माजाचे चक्र बिघडते, आणि अशा वेळी दोष गाईला किंवा रेतनाला दिला जातो, गव्हाणीकडे कोणी पाहत नाही.

दुधाचा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. गाईने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी1 या प्रकाराचा काही अंश तिच्या शरीरात एम1 या दुसऱ्या विषारी रूपात बदलतो आणि साधारण एका दिवसात दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. दूषित खाद्य पूर्ण थांबवले, तर मात्र काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. आपल्याकडे दुधातील एम1 ची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत तपासलेल्या 6,432 नमुन्यांपैकी 5.7 टक्के नमुने ही मर्यादा ओलांडणारे निघाले, आणि त्याचा मुख्य मार्ग चारा व पशुखाद्य हाच असल्याचे सांगण्यात आले. हे दूध लहान मुले पितात, म्हणून खराब पोत्याचा तोटा सोसणे हाच योग्य मार्ग आहे.

साठवणुकीत पोती थेट फरशीवर ठेवणे किंवा भिंतीला टेकवणे टाळावे. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ती रचावीत. पावसाळ्यात महिनाभराचीच खरेदी करावी आणि जुने पोते आधी संपवावे. भाताचे तणस किंवा सोयाबीनचे कुटार ओलसर असताना गंजी लावू नये. तयार पशुखाद्य घेताना भारतीय मानक 2052 चा शिक्का पाहावा. त्यात ओलावा 11 टक्क्यांपर्यंत आणि अफ्लाटॉक्सिन बी1 किलोला 20 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतो. तपासणीसाठी एकाच पोत्याचा नमुना नेणे ही नेहमीची चूक आहे, कारण बुरशी ठिकठिकाणी असते. अनेक पोत्यांतून, वरून-खालून थोडे थोडे काढून एकत्र मिसळावे आणि कागदी पिशवीत कोरडे न्यावे. विष शोषणारी चूर्णे बाजारात मिळतात. ती सर्व विषांवर सारखी चालत नाहीत, त्यामुळे पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय त्यांच्या भरवशावर खराब खाद्य वापरू नये.

रासायनिक विषबाधा मात्र काही तासांत जीव घेते. कपाशी किंवा सोयाबीनवर फवारणी झाल्यानंतर त्याच धुऱ्यावरचे गवत कापणे, कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यातून पाणी पाजणे, बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे भरड्यात दळणे, आणि युरियाचे पोते मिठाशेजारी ठेवणे, या चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. खाद्यात युरिया मिसळायचाच असेल, तर तो मोजून आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच असावा.

जनावराला लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, पोट फुगले किंवा श्वास जड झाला, तर बळजबरीने तेल, तूप किंवा ताक पाजू नये. गिळता न येणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात ते जाऊन दगावण्याची भीती असते. खाद्य तत्काळ बंद करावे, अंगावर कीटकनाशक सांडले असल्यास भरपूर पाण्याने धुवावे, गव्हाणीतील उरलेले खाद्य फेकून न देता नमुन्यासाठी जपावे आणि वापरलेल्या कीटकनाशकाचा डबा पशुवैद्यकाला दाखवावा. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन या औषधाचा उपचार आहे, पण तो वेळेत आणि योग्य मात्रेत मिळायला हवा. म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ असे म्हणून रात्र काढू नये.