नकोसा झालेला पोपट: पाळणाऱ्यांनी आणि सांभाळायला घेणाऱ्यांनी या चुका टाळा

पोपट नकोसा होतो तो बहुतेकदा वयात आल्यावर. पिल्लू असताना कुणाच्याही हातावर बसणारा पक्षी अचानक चावू लागतो, ओरडतो, घरातल्या एकाच माणसाला चिकटतो. घरच्यांना वाटतं, बिघडला. खरं तर तो प्रौढ झालेला असतो. आणि पुढे बरंच आयुष्य उरलेलं असतं: कॉकटील हा छोट्या जातीचा पोपट सहज 15-20 वर्षं जगतो, आफ्रिकन ग्रे किंवा मोठा मकाव अशा मोठ्या जातींचे पोपट 40-50 वर्षंही.

सगळ्यात महागात पडणारी चूक ओरडण्याबाबत होते. थव्यातला पोपट नजरेआड गेलेल्या साथीदाराला हाका मारतो. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की तो तेच करतो. तुम्ही ‘गप्प बस’ म्हणत धावत आलात, तर ओरडलं की माणूस येतो हे तो शिकतो. त्याऐवजी दुसऱ्या खोलीतूनच हलकी शीळ घालून उत्तर द्या आणि तो शांत झाल्यावर जवळ जा. सकाळ-संध्याकाळचा कलकलाट मात्र राहणारच. तो सहन होणार नसेल तर पोपट आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चावण्याआधी पोपट इशारे देतो. डोळ्यांतली बाहुली झपाझप लहानमोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपटी पसरते. असं दिसलं की हात पुढे करू नका. पाठीवरून हात फिरवणंही टाळा. आपल्याला ती माया वाटते, पण पक्षी त्याने माजावर येतो आणि मग चिडचिडा होतो. डोकं आणि मान, एवढंच कुरवाळा.

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी जगतो, पण अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि यकृतावर चरबी साठते. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट कधीच देऊ नका. नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून त्याला स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

आता दुसऱ्याने सोडलेला पोपट घरी आणणाऱ्यांसाठी. यांची चूक घाईची असते आणि ती चांगल्या मनातून होते, म्हणूनच वाईट वाटतं. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तपासून घ्या. सिटॅकोसिससारखा, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरणारा आजार माणसालाही होतो, त्यामुळे वाळलेली विष्ठा झाडू नका, ओली करून पुसा.

पहिल्याच दिवशी जुना आहार बंद करणंही धोक्याचं. अनोळखी खाणं पोपट अन्न म्हणून ओळखतच नाही आणि उपाशी राहतो. जुन्या बिया चालू ठेवून नवं हळूहळू वाढवा आणि रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या. पोपट आजार लपवतो. तो मलूल दिसण्याआधी वजन घटलेलं दिसतं. दहा टक्के घट झाली तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

पिसं उपटलेला पक्षी पाहून ‘प्रेम मिळालं की येतील’ असं समजू नका. कारण आजार असू शकतं, कंटाळा असू शकतो, भीती असू शकते. आधी तपासणी, मग चावून फाडायला लाकूड आणि कागद, खाणं शोधावं लागेल अशी मांडणी, 10 ते 12 तास अंधारातली झोप. पिसांची मुळंच दुखावली असतील तर काही जागा कायम उघड्या राहतात. तसाही तो आनंदात जगू शकतो.

पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला दार उघडून ‘मुक्त’ करू नका. त्याला अन्न शोधता येत नाही, शिकारी ओळखता येत नाही. जगलाच, तर परक्या प्रदेशात तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतो. सांभाळणं खरंच अशक्य झालं, तर अनुभवी माणूस किंवा पुनर्वसन केंद्र शोधा आणि सगळं लिहून द्या: काय खातो, कशाला घाबरतो, कोणाला चावतो, किती ओरडतो. चावरेपणा लपवून दिलेला पोपट लवकरच पुन्हा दुसऱ्या घरी जातो.