नगरसेवकपदाचा अर्ज छाननीत टिकावा म्हणून

सासवड, जेजुरी, भोर, शिरूर, जुन्नर, तळेगाव दाभाडे. पुणे जिल्ह्यातल्या अशा गावांत एखादा तरुण नगरपरिषदेला उभा राहायचं ठरवतो, तेव्हा तयारी फ्लेक्सपासून सुरू होते. ती कागदांपासून सुरू व्हायला हवी. गल्लीतल्या पाण्यासाठी, पोरांच्या मैदानासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेल्या माणसाचा अर्ज एका थकलेल्या पावतीपायी बाद व्हावा, हे गावाचंच नुकसान आहे.

आधी मतदारयादी उघडा. मतदानाला १८ वर्षं पुरतात, उमेदवारीला २१ पूर्ण लागतात. तुमचं नाव त्या नगरपरिषदेच्या यादीत हवं, मग प्रभाग कोणताही असो. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, मात्र तुम्ही लढवताय त्याच प्रभागातला मतदार लागतो, आणि घोळ इथेच होतो. जिवलग मित्राची सही घेतलेली असते, पण प्रभागाची हद्द नेमकी रस्त्याच्या मधून गेलेली आणि त्याचं घर पलीकडच्या बाजूला. म्हणून सही घेण्याआधी सूचकाचा प्रभाग, यादीचा भाग आणि अनुक्रमांक छापील यादीत बोट ठेवून तपासा. किती सूचक लागतील ते निवडणूक कार्यक्रमासोबतच्या सूचनांत वाचा आणि एक-दोन जण जादा तयार ठेवा.

नगरपरिषद स्वतःची वेगळी मतदारयादी बनवत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडली जाते. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकत घेऊन प्रभाग चुकला असेल तर दुरुस्त होतो, नवं नाव घुसवता येत नाही. नोकरीसाठी हडपसर किंवा वाघोलीला राहायला गेलेल्यांनी नाव तिकडे हलवलं असेल, तर गावात खरोखर राहायला परतल्यावर नाव इकडे आणायचा अर्ज, म्हणजे नमुना ८, वेळेत भरा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

मग थकबाकी. घर वडिलांच्या नावावर, नळ आजोबांच्या, नगरपरिषदेचा गाळा भावाच्या, असं आपल्याकडे सर्रास असतं. तिन्हींच्या पावत्या काढा, बाकी भरा आणि काहीच थकलेलं नसल्याचा बेबाकी दाखला घ्या. शौचालय असून त्याचा वापर करत असल्याचं प्रमाणपत्रही लागतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल, तर उमेदवारी बाद. नगरपरिषदेच्या ठेक्यात आडून भागीदारी असली तरी हरकत येते. ती भागीदारी वेळेत आणि कागदोपत्री संपवा. घराचं वाढीव बांधकाम विनापरवाना असेल तर निवडून आल्यावरही पद जाऊ शकतं.

राखीव जागेवरून लढायचं असेल तर जात पडताळणीचं काम सर्वांत आधी हातात घ्या. जात प्रमाणपत्र वेगळं आणि ते खरं असल्याचं पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. वैधता हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि ते मुदतीत सादर करण्याचं हमीपत्र जोडतात. मुदत चुकली तर जिंकलेली जागा जाते. वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या महसुली नोंदी शोधायला महिने लागतात, एवढं लक्षात ठेवा.

अर्जावर जागा नेमकी लिहा. नुसतं ‘प्रभाग ४’ नको, ‘४-अ’ की ‘४-ब’, म्हणजे त्या प्रभागातली नेमकी कोणती जागा, ते हवं. नाव यादीत छापलंय तसंच उतरवा. शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असे रकाने असतात, जोडीदाराची आणि अवलंबितांचीही माहिती द्यायची असते. एकही रकाना कोरा सोडू नका. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सोसायटीचं कर्ज, सोनं, दुचाकी हे लोक हमखास विसरतात. एकाच जागेसाठी चारपर्यंत अर्ज भरता येतात. निदान दोन भरा आणि दुसऱ्यावर वेगळा सूचक घ्या, म्हणजे एकातल्या चुकीने सगळं बुडत नाही. पक्षाकडून लढत असाल तर एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. पुण्याहून फॉर्म घेऊन निघालेली गाडी घाटात अडकली, ही सबब चालत नाही.

छाननीला स्वतः हजर राहा. सगळ्या मूळ कागदांची फाइल सोबत ठेवा, कारण हरकत आली की उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत फार थोडी असते. ओळखीच्या वकिलांना आधीच सांगून ठेवा.

निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खातं काढा आणि चहा-वडापावपासून रिक्षावरच्या भोंग्यापर्यंत प्रत्येक खर्च रोजच्या रोज नोंदवा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यांनाही आणि बिनविरोध आलेल्यांनाही. तो न दिल्यास पुढची निवडणूक लढवण्यावर बंदी येऊ शकते, म्हणून हिशेब दिल्याची शिक्क्याची पोच घेऊनच कचेरीतून बाहेर पडा.