घरामागच्या बागेत कमी खर्चात लग्नाचं रिसेप्शन कसं करावं

घरामागे बाग आहे, मग हॉलचं भाडं कशाला भरायचं, इथून विचार सुरू होतो आणि तो योग्यच आहे. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. हॉलच्या भाड्यात नुसती जागा नसते. छप्पर, खुर्च्या, वीज, शौचालयं, गाड्या लावायला जागा, कचरा उचलणारी माणसं हे सगळं त्यात न सांगता आलेलं असतं. बागेत यातलं काहीच नसतं. त्यामुळे बागेतल्या रिसेप्शनचं बजेट करताना पैसे आधी या गरजांना द्यायचे आणि उरतील ते सजावटीला. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. फुलं आणि रोषणाई ठरून जाते आणि पाहुण्यांनी हात कुठे धुवायचे हे आदल्या दिवशी आठवतं.

पायरी १ : आधी आकडा, मग यादी

नावं लिहायला बसण्याआधी बाग मोजा. टेप घ्या आणि झाडं, वाफे, उतार सोडून सपाट जागा किती उरते ते पाहा. टेबल-खुर्चीवर बसून जेवायचं असेल तर माणशी साधारण १२ चौरस फूट धरा. उभ्याने गप्पा आणि हातात बशी असा बेत असेल तर ८ चौरस फुटांत भागतं. म्हणजे ६० जण बसणार असतील तर ७२० चौरस फूट झाले. त्यात जेवण मांडायची टेबलं, नवदांपत्याला उभं राहायची जागा आणि ये-जा करायच्या वाटा मिळवल्या की हजार चौरस फुटांच्या आसपास जातं. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठजण आरामात बसतात, पण खुर्च्या मागे सरकवल्यावर तेच टेबल दहा फुटांचं वर्तुळ अडवतं. शंका असेल तर दोरी आणि चार काठ्या घेऊन जमिनीवर आखून बघा. कागदावर मावलेलं प्रत्यक्षात मावतंच असं नाही.

खर्च वाचवायची खरी जागा हीच आहे. मंडप, वीज, ध्वनियंत्रणा हे खर्च माणसं दहा कमी झाल्याने फारसे हलत नाहीत. बाकी सगळं मात्र डोक्यावर मोजलं जातं. आठ नावं कमी झाली की एक टेबल, एक टेबलक्लॉथ, आठ खुर्च्या, आठ ताटं आणि आठ माणसांचं जेवण एकदम कमी होतं. स्वस्त ताटं शोधत आठवडा घालवण्यापेक्षा यादीवर एक संध्याकाळ बसा. हे बोलणं घरात अवघड जातं, मान्य आहे. पण "जागा एवढीच आहे" हे बागेच्या बाबतीत खरं असतं आणि कुणाला वाईट न वाटता सांगता येतं.

पायरी २ : वेळ ठरवा

दुपारचं किंवा रात्रीचं जेवण टाळून मधली वेळ घेतली, म्हणजे तीन-साडेतीन ते सहा, तर खाणं अल्पोपहारावर निभावतं आणि सगळ्यात मोठा खर्च निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. एक अट आहे : निमंत्रणात "चहा-फराळ" किंवा "अल्पोपहार" असं स्वच्छ लिहा आणि संपायची वेळही द्या. जेवणाच्या अपेक्षेने आलेला पाहुणा उपाशी परतणं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

दिवसाउजेडीच्या कार्यक्रमाला दिवेही कमी लागतात. सूर्यास्ताआधीचा तासभर उजेड मऊ आणि तिरपा असतो. मोठा फोटोग्राफर परवडत नसेल तर घरच्यांचे फोटो याच तासाला ठेवा. साधा कॅमेरासुद्धा तेव्हा चांगलं काम करतो.

पायरी ३ : छप्पर

पाच दिवसांच्या आतला हवामानाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, दहा दिवसांपलीकडचा नाही. निमंत्रणं त्याच्या किती तरी आधी जातात, म्हणून पावसाचा पर्याय पहिल्या दिवसापासून हवा : एक तर मंडप, नाही तर सगळे घरात मावतील एवढीच यादी.

घरचीच ताडपत्री बांधून भागवू असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. २० बाय २० फुटांच्या कापडावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ते साधारण ३७० लिटर पाणी होतं, म्हणजे ३७० किलो वजन. कापड सपाट ताणलेलं असेल तर हे पाणी मधोमध साचतं, झोळ पडतो आणि बांबू किंवा दोर कुठे तरी सुटतो. म्हणून छताला ठळक उतार हवाच. वाऱ्याचाही तोच प्रश्न. खुंट्या खोल ठोकता येत नसतील तर खांबांना पाण्याने भरलेली पिंपं किंवा वाळूची पोती बांधा. मोठा मंडप मात्र अनुभवी माणसांकडूनच उभारून घ्या, इथे काटकसर नको. ऊन असेल तरीही वयस्कर पाहुण्यांसाठी सावली लागतेच.

पायरी ४ : शौचालय आणि हात धुणं

या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहिते. चार तासांच्या कार्यक्रमाला ४०-५० माणसांमागे एक शौचालय हा किमान हिशेब आहे. घरात एकच असेल आणि पाहुणे साठ-सत्तर असतील तर फिरतं शौचालय भाड्याने आणावं लागेल, आणि तो खर्च पहिल्याच कागदावर लिहा. घराला सेप्टिक टाकी असेल तर ती कधी उपसली होती ते आठवा. रोज चार-पाच माणसांसाठी चालणारी टाकी एका संध्याकाळी साठ जणांचा भार घेताना तुंबू शकते. त्या दिवशी कपडे धुण्याचं यंत्र बंद ठेवा.

वाट दाखवणारी पाटी लावा. घरातून जायचं असेल तर बाकीच्या खोल्या बंद करा. दर अर्ध्या तासाने साबण, पाणी, कागद, कचऱ्याचा डबा पाहायला एका माणसाला नेमा, आणि तो माणूस नवरा किंवा नवरीच्या आईवडिलांपैकी नको. जेवणाच्या टेबलाजवळ हात धुवायला नळाची टाकी, खाली बादली आणि साबण एवढं ठेवलं तरी घरातली निम्मी गर्दी कमी होते.

पायरी ५ : वीज, दिवे, आवाज

घरातल्या एका सर्किटवर किती भार चालतो ते आधी मोजा. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट. २३० व्होल्ट आणि १० अँपियर असेल तर २,३०० वॅट. पाणी उकळायची एक किटली एकटीच २,००० वॅटच्या घरात जाते. त्याच सर्किटवर स्पीकर लावला की ऐन भाषणात अंधार होणार. उष्णता देणारी उपकरणं एका सर्किटवर, दिवे आणि ध्वनी दुसऱ्यावर. एक्सटेन्शनची रीळ पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. जोड जमिनीवर गवतात ठेवू नका आणि बाहेरच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्विच आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जनरेटर आणलाच तर तो उघड्यावर, खिडक्या-दारांपासून दूर. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

दिव्यांचा क्रम असा : पायऱ्या, शौचालयाची वाट, जेवणाचं टेबल, गाड्यांची जागा. त्यानंतर झाडांवरच्या माळा. एलईडी माळांना वीज अगदी कमी लागते, त्या उसन्याही मिळतात. आठवडाभर आधी त्याच वेळी बागेत जाऊन एकदा चालून पाहा, ठेच कुठे लागते ते कळेल.

एका मोठ्या स्पीकरपेक्षा पाहुण्यांच्या जवळ दोन लहान बरे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. जवळच्या स्पीकरचा आवाज कमी ठेवता येतो आणि शेजाऱ्यांपर्यंत कमी पोहोचतो. बेस कमी करा, भिंती ओलांडून जातो तो तोच. दोन आठवडे आधी शेजाऱ्यांकडे स्वतः जा, कार्यक्रम किती वाजता संपेल ते सांगा, फोन नंबर द्या. आवाजाचे आणि गर्दीचे स्थानिक नियमही त्याच सुमारास विचारून ठेवा.

पायरी ६ : खाणं

पदार्थ मोजके, पण भरपूर. सहा पदार्थ थोडे थोडे करण्यापेक्षा तीन मनापासून केलेले पुरतात आणि वायाही कमी जातात. असे पदार्थ निवडा जे आदल्या दिवशी करून ठेवता येतात किंवा गार खाल्ले तरी चांगले लागतात.

बागेतला खरा धोका उष्णतेचा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली राहायला हवेत. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. तसं ठेवणं शक्य नसेल तर पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. सगळं एकदम मांडू नका, लहान भांड्यांत थोडं थोडं आणा. टेबल भिंतीला न लावता दोन्ही बाजूंनी घेता येईल असं ठेवा, रांग निम्मी होते. पेयं जेवणापासून दूर मांडा. माणशी किमान एक लिटर पाणी आणि उन्हाळा असेल तर अर्धा किलो बर्फ धरा.

नातेवाइकांना एकेक पदार्थ करून आणायला सांगता येतं आणि पुष्कळजण आनंदाने आणतात. पण वाढणं, भांडी उचलणं, कचरा हे काम त्यांच्यावर टाकू नका. दोन-तीन माणसं पैसे देऊन मदतीला घ्या. माझ्या मते सजावटीतून हवे तेवढे पैसे कापा, पण या माणसांचे नाही. त्यांच्यामुळेच नवरीच्या मावशीला तो दिवस स्वयंपाकघरात काढावा लागत नाही.

पायरी ७ : बाग

सजावट बाग करतेच, तिला फक्त वेळ द्या. झेंडू किंवा झिनियाचं बी लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतं, म्हणून अडीच महिने आधी पेरा. उसन्या कुंड्या एकाच कोपऱ्यात दाटीने ठेवल्या तर फोटोंसाठी मागची भिंत तयार होते. बागभर विखुरल्या तर दिसतही नाहीत.

हिरवळ दोन-तीन दिवस आधी कापा आणि शेवटचे दोन दिवस पाणी बंद ठेवा, नाही तर खुर्च्यांचे पाय रुततात. कार्यक्रम गवतावर आहे हे निमंत्रणात लिहा, म्हणजे टोकदार टाचांच्या चपला घरी राहतील. चाकाच्या खुर्चीसाठी तीन फूट रुंद, कडक, सपाट वाट हवी. गवतावर फळ्या टाकल्या तरी चालतं.

डासांचं काम दोन आठवडे आधी सुरू होतं. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. कुंड्यांखालच्या बशा, बादल्या, जुने डबे दर आठवड्याला रिकामे केले की ही साखळी तुटते. कार्यक्रमात टेबलांजवळ पंखे लावा. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत.

पायरी ८ : आवराआवर

भाड्याच्या वस्तू येताना मोजून घ्या आणि जाताना परत मोजा. चमचे आणि टेबलक्लॉथ यांचीच भरपाई जास्त द्यावी लागते. उष्टं, सुका कचरा आणि बाटल्या यांचे डबे पहिल्यापासून वेगळे आणि पाट्या लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या खुंट्यांची संख्या जुळवा, गवतात राहिलेल्या खुंट्या हुडकून काढा आणि त्यानंतरच हिरवळ कापायचं यंत्र बाहेर काढा.