घरच्या टॅपवरची बिअर: फेस आला की रेग्युलेटर फिरवू नका, आणि आणखी काही चुका

टॅप उघडला आणि ग्लासात अर्ध्याहून जास्त फेसच आला, की हात सरळ कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवरच्या रेग्युलेटरकडे जातो. दाब जास्त झालाय, कमी करून बघू, असं वाटतं. घरच्या टॅपवर सर्रास होणारी चूक हीच. तिच्यामुळे चांगली बिअर वाया जाते, याचं खरंच वाईट वाटतं.

बिअरमधला कार्बन डायऑक्साइड दाबामुळेच विरघळलेला राहतो. दाब उतरवला की तो वाटेतच, म्हणजे नळीतच सुटायला लागतो. नळी पारदर्शक असेल तर थोड्या वेळाने आत बिअर, पोकळी, पुन्हा बिअर असे तुकडे पडलेले दिसतात. पुढचा ग्लास आधीपेक्षा जास्त फेसाळतो आणि काही दिवसांत केगमधली, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपातली बिअर मिळमिळीत होते. म्हणून आधी तापमान, मग नळी, मग टॅप आणि ग्लास तपासा. दाबाला हात सगळ्यात शेवटी.

तापमान फ्रिजच्या आकड्यावरून ठरवणं

बहुतेक एल आणि लागर (बिअरचे दोन मुख्य प्रकार) ३ ते ४ अंश सेल्सिअसला, १० ते १२ पीएसआय (दाबाचं एकक) दाबावर नीट वाहतात. या स्थितीत लिटरभर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर गॅस मुरलेला असतो. तीच बिअर ८ अंशांवर गेली तर तेवढाच गॅस धरून ठेवायला सुमारे १५ पीएसआय लागतात. चार-पाच अंशांनी एवढा फरक पडतो.

फ्रिजवरचा आकडा आतल्या हवेचा असतो, बिअरचा नव्हे. पाण्याचा ग्लास रात्रभर केगशेजारी ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. किंवा लागोपाठ दोन ग्लास भरा आणि दुसऱ्याचं तापमान मोजा. बाहेरून आणलेला १९ लिटरचा केग आतपर्यंत गार व्हायला पूर्ण दिवस लागतो. पाहुणे दारात असताना केग जोडला, तर फेसच वाढावा लागेल.

पहिला ग्लास फेसाळ, दुसरा-तिसरा उत्तम, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पहिला फेसाळ, असं होत असेल तर दोष टॉवरचा. फ्रिजच्या वर उभ्या असलेल्या त्या नळकांड्यात बिअर तापते. नुसतं इन्सुलेशन गुंडाळून भागत नाही. फ्रिजमधली गार हवा एका छोट्या पंख्याने आणि पाइपने टॉवरच्या टोकापर्यंत चढवा.

आखूड नळी

तयार किटमध्ये बरेचदा दीडेक मीटर नळी येते. घरगुती मांडणीत ती अपुरी पडते. दाब नळीतल्या घर्षणात खर्च व्हायला हवा, म्हणजे टॅपपाशी बिअर शांतपणे पोचते. आतून ३/१६ इंच, म्हणजे ५ मिलिमीटरहून किंचित कमी व्यासाची साधी व्हिनाइल नळी असेल तर ३ मीटरपासून सुरुवात करा. लांब झाली तर ग्लास भरायला थोडा वेळ लागतो, इतकंच. हवी तर पुढे थोडी थोडी कापता येते. उरलेली नळी गुंडाळून फ्रिजच्या आतच ठेवा.

नळीतले बुडबुडे नेमके कुठून निघतात तेही बघा. केगच्या टोकापासूनच बारीक बुडबुड्यांची माळ निघत असेल, तर बिअरच्या बाजूच्या डिप ट्यूबखालची, म्हणजे केगच्या तळापर्यंत जाणाऱ्या नळीच्या वरच्या टोकाखालची ओ-रिंग पाहा. ही पातळ रबरी कडी चपटी झाली किंवा चिरली की केगच्या वरच्या भागातला गॅस थेट बिअरच्या धारेत घुसतो. केगमधला दाब पूर्ण सोडल्याशिवाय मात्र काहीही उघडू नका.

टॅप अर्धवट उघडणं

धार बारीक ठेवली तर फेस कमी होईल असं वाटतं, पण अरुंद फटीतून जाताना बिअर घुसळली जाते. हँडल झटक्यात पूर्ण उघडा. ग्लास ४५ अंशांत तिरका धरा, भरत आला की सरळ करा. टॅपचं तोंड बिअरमध्ये बुडू देऊ नका. फ्रीझरमधला बर्फाळलेला ग्लासही नको, त्यावरच्या हिमकणांमुळे फेस उसळतो. भरल्यावर ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर तिथे तेलकटपणा किंवा साबण उरला आहे.

चव बिघडेपर्यंत सफाई न करणं

बिअरला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास यायला लागला, तर ब्रुअरीला दोष देण्याआधी नळी बघा. लोण्याचा वास बहुतेकदा नळीत वाढलेल्या जिवाणूंचा असतो, आणि व्हिनेगरचा वास टॅपच्या तोंडाशी, जिथे हवा लागते तिथे सुरू होतो. टॅपच्या तोंडात बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर उशीर झालाय.

दर दोन आठवड्यांनी बिअर लाइनसाठीचं अल्कलीयुक्त क्लीनर, पाकिटावरच्या प्रमाणात, पंधराएक मिनिटं नळीतून फिरवा. हातमोजे आणि चष्मा घाला. टॅप सुटा करून ब्रशने घासा. नुसतं पाणी सोडून तो स्वच्छ होत नाही. मग भरपूर पाण्याने धुवा. आतल्या पृष्ठभागावर कॅल्शियम ऑक्झलेटचा खरखरीत थर जमतो, त्याला बिअरस्टोन म्हणतात. तो अल्कलीने पुरता निघत नाही, दर तीन महिन्यांनी आम्लयुक्त क्लीनर लागतं. दोन्ही क्लीनर कधीही एकत्र करू नका. क्लोरीनचं ब्लीच तर वापरूच नका, ते स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतं. व्हिनाइल नळी वर्षातून एकदा बदललेली बरी.

घाईने गॅस भरणं

घरी बनवलेली बिअर ३० पीएसआयला लावून केग हलवला की ती गरजेपेक्षा जास्त फसफसते, आणि मग नळी कितीही लांब असो, फेसच येतो. अशा वेळी गॅस तोडा, केग गारच ठेवा, आणि दिवसभरात अधूनमधून रिलीफ व्हॉल्व्ह ओढून दाब सोडा. खरं तर टॅपवरून ग्लास भरताना जो दाब ठेवतो त्यावरच आठवडा-दोन आठवडे ठेवली तर ही वेळच येत नाही.

गॅसऐवजी केगला हातपंप लावला तर हवाच आत जाते. ऑक्सिजनमुळे बिअर दिवसाभरात उतरते, त्यामुळे तो केग त्याच दिवशी संपणार असेल तरच वापरा.

काट्यावरून गॅसचा अंदाज

सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत दाबाचा काटा जवळपास जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा गॅस संपतच आलेला असतो. म्हणून सिलिंडर वजन काट्यावर ठेवा आणि त्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करा. सिलिंडर नेहमी उभा आणि बांधलेला हवा.

गॅस भराभर संपत असेल तर रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, टॅपला हात लावू नका. सकाळी काटा बराच खाली आला असेल तर व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथे गळती. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद खोलीत जमिनीलगत साचतो.